प्लास्टर पंप सांभाळायचा कसा : नव्या ऑपरेटरसाठी

स्टेटर, म्हणजे पंपातली आतून रबर लावलेली नळी, किती दिवस टिकतो, असं नवा ऑपरेटर पहिल्याच आठवड्यात विचारतो. त्यावर मी उलट विचारतो, जेवायला जाताना मशीनमधल्या मालाचं, म्हणजे कालवलेल्या प्लास्टरचं, काय करता? मोटर जळाली, गिअर तुटला अशा तक्रारी मला वर्षाकाठी दोन-चार येतात. माल आत बसला, पाईप चोक झाला, रबर खाल्लं गेलं या मात्र रोजच्या. पाणी लागल्या क्षणापासून माल सेट व्हायला लागतो आणि मशीनसकट सगळी गँग त्या घड्याळाला बांधलेली असते. या पंपाची देखभाल म्हणजे मुख्यतः ते घड्याळ सांभाळणं.

हे सगळं रोटर-स्टेटर पंपाबद्दल आहे. पुणे-पिंपरीच्या साइटवर त्याची दोन रूपं दिसतात. एकात सुकं जिप्सम किंवा रेडीमिक्स प्लास्टर गोणीतून थेट हॉपरमध्ये, म्हणजे माल टाकायच्या पेटीत, ओततात. मशीनच पाणी घेतं, कालवतं आणि पुढे ढकलतं. पीएफटी जी-४ हे त्यातलं सर्वांच्या तोंडी असलेलं जर्मन मशीन, आणि त्याच धर्तीची इतर बरीच. दुसऱ्यात माल बाहेरच्या मिक्सरमध्ये कालवून पंपात टाकतात. पिस्टन पंपही असतात, पण त्यांचे व्हॉल्व आणि सील हा निराळा संसार आहे.

आधी आत काय आहे ते बघा

मशीन हातात आल्यावर पहिल्या दिवशी एखाद्या जुन्या मेकॅनिककडून पंप उघडून घ्या. रोटर म्हणजे पीळ दिलेली जाड स्टीलची सळई. स्टेटर म्हणजे बाहेरून लोखंडी नळी आणि आत चिकटवलेलं रबर, त्या रबरात रोटरपेक्षा एक पीळ जास्त. रोटर आत फिरला की दोघांमध्ये छोटे छोटे बंद कप्पे तयार होतात आणि ते मागून पुढे सरकत जातात. माल त्या कप्प्यांत बसून प्रवास करतो. ही युक्ती रने मोइनो या फ्रेंच अभियंत्याची, १९३० च्या सुमाराची. हीच रचना आज साखर कारखान्यात मळी ढकलायलाही वापरतात.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. एक, रबर आणि स्टील घट्ट घासत असतात आणि त्यांच्यामधलं वंगण म्हणजे खुद्द ओला माल. पंप कोरडा फिरला की रबर तापतं, जळका वास येतो, आणि वास येईपर्यंत नुकसान झालेलं असतं. दोन, हा पंप पाण्याच्या साध्या मोटरसारखा नाही. पुढची वाट बंद झाली तरी तो ढकलतच राहतो. दाब चढत जातो आणि सगळ्यात कमजोर जागा फुटते: कधी नळी, कधी कपलिंग म्हणजे नळ्यांचा सांधा, कधी स्टेटर. दाबाच्या घड्याळाकडे, म्हणजे प्रेशर गेजकडे, बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ते फुटलेलं किंवा मालाने माखलेलं असेल तर काम सुरूच करू नका.

सकाळी, माल टाकायच्या आधी

वीज. या वर्गातल्या मशीनची मुख्य मोटर बहुधा ५.५ किलोवॅटची, थ्री फेजवर. साइटवर तात्पुरत्या बोर्डावरून लांबलचक वायर ओढलेली असते आणि तिथेच व्होल्टेज पडतं. वायर चार चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, नाहीतर गुंडाळीच तापते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तो येईपर्यंत बसून राहा. सगळीकडे पाणी सांडलेलं असतं, हातपाय ओले असतात. इथे सुपरवायझरच्या घाईला भीक घालायची नाही. बोर्ड बदलला की मोटर बाणाच्या दिशेने फिरते का तेही बघा. उलटी फिरली तर फेज बदलून घ्यायचे.

पाणी. स्वतः पाणी घेणाऱ्या मशीनला, ते चालू असताना, इनलेटवर, म्हणजे पाणी आत शिरतं त्या तोंडाशी, निदान अडीच बार दाब लागतो. टाकीतून नुसतं उताराने आलेलं पाणी पुरत नाही. मशीनवरचा बूस्टर पंप चालूच ठेवा. आपल्याकडे टँकर नाहीतर बोअर. टँकरच्या तळाचा गाळ आणि बोअरचे क्षार, दोन्ही इनलेटच्या जाळीत अडकतात. ती जाळी अंगठ्याएवढी, काढायला एक मिनिट लागतं, म्हणून कुणी काढतच नाही. मग दुपारी पाणी कमी पडतं, माल घट्ट येतो, पाईप चोक होतो आणि बोल गोणीला लागतो. जाळी रोज सकाळी धुवा.

हवा. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून साचलेलं पाणी सोडा. एअर फिल्टर झटका. भिंतीवर माल फवारणाऱ्या गनमधली हवेची बारीक नळी तारेने मोकळी करा. ती तुंबली की फवारा एका बाजूला पडतो आणि मिस्त्री शिव्या आपल्याला देतो.

नळ्या. पूर्ण लांबीवर हात फिरवा. कुठे फुगा, कापलेली जागा, आतून सुटलेलं रबर जाणवलं तर ती नळी बाजूला. प्रत्येक कपलिंगचं रबर वॉशर जागेवर आहे का ते बोटाने तपासा. वॉशर ही चिल्लर वस्तू आहे, पण ती गेली की काय होतं ते पुढे येतंच.

शेवटी नळी आतून ओली करा, पाणी काढून टाका आणि पातळ स्लरीची एक बादली पुढे सोडा. कोरडी नळी पहिल्याच मालातलं पाणी पिऊन घेते. नळीत पाणी भरून ठेवणंही तितकंच वाईट: त्या पाण्यात माल फुटतो, बारीक पुढे जातं आणि वाळू मागे बसते. पहिली बाहेर आलेली स्लरी भिंतीवर मारायची नाही, घमेल्यात घ्यायची.

वाळू चाळणारा माणूस हाच खरा मेकॅनिक

बाहेर माल कालवून पंप करत असाल तर हा भाग दोनदा वाचा.

प्लास्टरच्या वाळूसाठी आयएस १५४२ हे मानक आहे, पण साइटवर ते कुणी उघडत नाही. तिथे चाळणी चालते. माझा नियम असा की पंपात जाणारी वाळू ४.७५ मिमीच्या चाळणीतून गेलीच पाहिजे आणि हॉपरवर आणखी एक जाळी हवी. सगळ्यात मोठा खडा नळीच्या आतल्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून मोठा नको, असं पंपवाले सांगतात. २५ मिमीच्या नळीला तो हिशेब आठ मिमीपर्यंत जातो. तरी मी त्यावर विसंबत नाही, कारण नळीतून गेलेला खडा गनच्या तोंडाशी अडकतो.

नदीची वाळू आता क्वचितच बघायला मिळते. सगळीकडे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. तिचे कण धारदार, कोपरे असलेले. गोल कण एकमेकांवरून घरंगळतात, हे एकमेकांत रुततात. शिवाय धुतलेल्या क्रश सँडमध्ये बारीक पावडर कमी राहिली की माल पंपाला खरखरीत लागतो. मूठभर माल तळहातावर घेऊन दाबा. बोटांतून नुसतं पाणी निथळलं आणि हातात सुकी वाळू उरली तर तो माल नळीतही तेच करणार. मूठ लोण्यासारखी सरकली तर चालेल. अशा वेळी पाणी वाढवून भागत नाही. बारीक भाग वाढवावा लागतो, थोडा चुना किंवा पंपासाठीचं मिश्रण घालावं लागतं, आणि तेही इंजिनिअरला विचारून.

गोणीतल्या मालावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात खालच्या थरातल्या गोण्या ओल धरतात. आत गाठी झालेली गोणी हॉपरमध्ये गेली की मिक्सिंग शाफ्ट, म्हणजे माल कालवणारा दांडा, त्या गाठी फोडत नाही, फक्त पुढे देतो.

चालू असताना कान उघडे

पाण्याच्या मीटरमधला गोळा कोणत्या आकड्यावर असताना माल बरोबर आला, तो आकडा मार्करने पॅनलवर लिहून ठेवा. गोणीचा ब्रँड बदलला की आकडा बदलतो. पाणी कमी-जास्त करताना अगदी थोडं फिरवा आणि थांबा. हिशेब करून बघा: २५ मिमीच्या वीस मीटर नळीत साधारण दहा लिटर माल असतो. मशीन मिनिटाला वीस लिटर देत असेल तर तुम्ही केलेला बदल गनपर्यंत पोचायला अर्धा मिनिट लागतो. नवा माणूस तेवढा धीर धरत नाही. पातळ आलं म्हणून पाणी कमी करतो, फरक दिसेना म्हणून आणखी कमी करतो, आणि अर्ध्या मिनिटाने दगड येतो.

दाबाचा आकडाही वहीत लिहा, नळीच्या लांबीसकट. रोजच्या लांबीला रोजच्या मालावर दाब रोजच्याएवढा असायला हवा. तीन-चार बार वर गेला तर पुढे कुठेतरी आवळतंय: पिळलेली नळी, घट्ट माल, गनचं तोंड. दाब खाली आणि फवाराही मंद, तर स्टेटर ढिला पडलाय.

हॉपर कधीही पूर्ण रिकामा होऊ देऊ नका. गोणी फोडणारा पोरगा मोबाइलवर असेल तर तो तुमचा प्रश्न आहे, त्याचा नाही.

आणि थांबणं. सिमेंटचा माल उन्हाळ्यात मी वीस मिनिटांपेक्षा जास्त उभा ठेवत नाही. जिप्समच्या गोणीवर सेटिंगचा वेळ छापलेला असतो, त्याच्या निम्म्यावर मी हलतो. मधल्या वेळात नळी उन्हात पडलेली असेल तर ओलं गोणपाट टाका. जेवणाची सुट्टी असेल तर नळी रिकामी करा. यात सूट नाही.

पहिल्या वर्षी मी ती सूट घेतली होती. पाचवा मजला, मे महिना, दुपारी पावणेएकला वीज गेली. वॉचमन म्हणाला, येईल पाच मिनिटांत. मी पण म्हटलं, येईल. डबा खाल्ला, तंबाखू मळली. वीज सव्वातीनला आली. तोपर्यंत चाळीस मीटर नळी काठीसारखी ताठ झाली होती, गुंडाळायचीही सोय नाही. स्टेटरमधला माल छिन्नीने फोडताना रबर फाटलं. मुकादमाने काही बोलून दाखवलं नाही, पगारातून कापलं. तेव्हापासून वीज गेली की मी दहा मिनिटं घड्याळ लावतो आणि त्यानंतर कुणाचंही न ऐकता नळी उघडायला घेतो.

पाईप चोक झाला तर

इथे माणसं जखमी होतात. कपलिंगमागे वीस-तीस बार दाब अडकलेला असतो आणि खटका उचलला की माल गोळीसारखा सुटतो. एका हेल्परच्या डोळ्यात असा माल गेलेला मी बघितलाय. नशीब म्हणून डोळा वाचला. सिमेंट आणि चुना डोळ्याला नुसते लागत नाहीत, भाजतात. डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही; वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. म्हणून चोक काढताना ही क्रमवारी मोडू नका:

१. पुढची सगळी माणसं बाजूला करा. गनवाल्याला गनचं तोंड भिंतीकडे धरायला सांगा.

२. मोटर थोडा वेळ उलटी फिरवा. दाब शून्यावर येतो का बघा. क्षण-दोन क्षणच, जास्त वेळ उलटं फिरवलं तर पंप कोरडा घासतो.

३. नळीच्या कडेने चालत जा आणि ती हाताने दाबत चला. पंपाकडून कडक लागते, मग एका जागी एकदम मऊ होते. गोळा त्या सांध्यावर बसलाय. बहुतेक वेळा तो कपलिंगपाशी किंवा वळणावर सापडतो.

४. नळी सरळ करा, त्या जागी रबरी हातोडीने थोपटा, मग सावकाश पुढे चालवून बघा. एक-दोन प्रयत्नांत सुटलं तर ठीक.

५. नाही सुटलं तर पुन्हा उलटं फिरवा, दाब शून्य, मशीनचा प्लग काढून ठेवा. चष्मा घाला, कपलिंगवर गोणपाट किंवा जाड प्लास्टिक टाका, तोंड फिरवा आणि मग खटके हळूहळू उचला.

वीज नसेल तर मोटर उलटी फिरवता येत नाही. तेव्हा आधी गनचा कॉक उघडून दाब उतरतो का बघायचं. उतरला नाही तर स्टेटर धरणाऱ्या लांब बोल्टांचे नट थोडेथोडे ढिले करून तिथून माल गळू द्यायचा, वरून गोणपाट टाकूनच. चोक झालेली नळी हवेच्या दाबाने उडवायचा मोह होतो. तो टाळा. सुटलेला गोळा आणि फटका मारणारी नळी, दोन्ही अनावर असतात.

आता वॉशरची गोष्ट. कपलिंगमधून थेंब थेंब पाणी गळतंय, माल तर गळत नाही, मग काय बिघडलं, असं वाटतं. पण दाबाखाली त्या फटीतून पाणी आणि सिमेंटचा बारीक भाग निघून जातो आणि मागे सुकी वाळू जमते. अर्ध्या तासात तिथे बूच तयार. चोक पुन्हा पुन्हा त्याच सांध्यावर होत असेल तर मालाला दोष देण्याआधी ते वॉशर बदला.

काही जुने लोक साखरेचं पाणी जवळ ठेवतात. साखर सिमेंटचं सेटिंग लांबवते हे खरं आहे, आणि वीज गेल्यावर हॉपरमधल्या टाकाऊ मालात ती टाकून थोडा वेळ मिळतो. एकदा बसलेल्या मालाला तिचा काही उपयोग नाही. आणि साखर लागलेला माल भिंतीवर गेला तर ते प्लास्टर पुन्हा पाडावं लागेल.

संध्याकाळची धुलाई

हॉपरमधला माल संपवत आणा. दाब उतरवा, नळी सोडा. ओला स्पंजचा गोळा नळीत घाला आणि पाण्याच्या दाबाने पलीकडे काढा. गोळा बाहेर पडला की पुन्हा एकदा, उलट्या टोकाने. गोळा नळीच्या मापाचाच हवा. लहान गोळा नुसता वाहत जातो आणि नळीच्या आतला थर तसाच राहतो.

मिक्सिंग ट्यूब उघडण्याआधी प्लग काढा. हॉपरची जाळी किंवा ट्यूब उघडली की मशीन बंद करणारा स्विच असतो आणि काही साइटवर कटकट नको म्हणून त्याला वायर बांधून कायमचा चालू केलेला असतो. अशी वायर दिसली की तोडून टाका. आत फिरणारा शाफ्ट हाताला ओळखत नाही.

ट्यूबच्या आत, विशेषतः पाणी शिरतं त्या जागी, सुक्या आणि ओल्या मालाच्या सीमेवर कडं धरतं. मशीनबरोबर क्लीनर शाफ्ट आलेला असेल तर तो बसवून चालवा, नसेल तर लाकडी किंवा प्लास्टिकची खरवडणी. पाणी शिरायची भोकं तारेने मोकळी करा. पाण्याचा फवारा पॅनल आणि मोटरवर मारायचा नाही. तिथे ओलं फडकं. पंपात शेवटी स्वच्छ पाणी दिसेपर्यंत चालवा.

स्टेटर बदलायची वेळ

लक्षणं तीन: रोजच्या लांबीला दाब येत नाही, मालात काळे रबराचे कण दिसतात, मशीन थांबवल्यावर माल मागे सरकतो. खात्रीसाठी प्रेशर टेस्टर लावून पाण्यावर तपासा आणि मशीनच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. आवळता येणारा क्लॅम्पचा स्टेटर असेल तर सगळे बोल्ट सारखे, एका वेळी पाव फेरा आवळायचे आणि पुन्हा तपासायचं. करकचून आवळलेला स्टेटर दाब छान दाखवतो आणि आठवड्यात संपतो, मोटरही तापते.

नवा बसवताना रोटरला साबणाचं पाणी किंवा त्यासाठीचा स्प्रे लावा. ग्रीस आणि इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. रोटरवर नख फिरवा. क्रोमवर चर लागली असेल तर त्या रोटरवर नवा स्टेटर बसवणं म्हणजे कानशीवर रबर घासणं. मी साधारण दोन स्टेटरमागे एक रोटर बदलतो. मिक्सिंग शाफ्टची पाती आणि रोटरला धरणारं त्याचं टोक त्याच वेळी बघून घ्या. झिजलेल्या पात्यांमुळे माल गाठीगाठीने येतो आणि माणसं पाण्याच्या मीटरशी खेळत बसतात.

आठवड्याला बेअरिंगचं ग्रीस, कॉम्प्रेसरचं फिल्टर, पॅनलच्या आतली धूळ आणि ढिले स्क्रू. हे दहा मिनिटांचं काम आहे. गिअरबॉक्सचं तेल पुस्तकात दिलंय तसं.

साइट महिनाभर बंद राहणार असेल, दिवाळीत किंवा पावसाळ्यात, तर रोटर स्टेटरमधून काढून ठेवा. आत राहिला तर रबर त्याच आकारात दबून बसतं आणि पहिल्या चालूला मोटर नुसती गुरगुरते. स्टेटर सावलीत, नळ्या रिकाम्या आणि सरळ, पाण्याच्या मीटरमधलं पाणी काढून. रोटर गोणपाटात गुंडाळून मी टूलबॉक्समध्ये ठेवतो आणि त्या टूलबॉक्सची चावी स्वतःकडे.